फोर्क टाकलाय तरी जॉईनपाशी सगळं ठप्प (ॲक्टिव्हिटी डायग्राम)

रेघोट्या

नमस्कार मंडळी. दोन दिवस एका ॲक्टिव्हिटी डायग्रामवर (कामांचा क्रम बॉक्स आणि बाणांनी दाखवणारं चित्र) डोकं आपटतोय, आता कोणीतरी सांगा नक्की काय चुकतंय ते.

सिस्टीम साधी आहे. युजर व्हिडिओ अपलोड करतो, अपलोड झालं की चार कामं एकदम सुटायला हवीत: व्हायरस स्कॅन, ट्रान्सकोड (व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं), सबटायटल तयार करणं आणि एडिटरला ईमेल. त्यातली पहिली तीन उरकली की व्हिडिओ पब्लिश. ईमेलसाठी कोणी थांबायचं नाहीये, गेला की गेला.

आधी मी 'अपलोड पूर्ण' या ॲक्शनमधूनच चार बाण काढले होते आणि तीन बाण थेट 'पब्लिश'मध्ये नेऊन सोडले होते. रिव्ह्यूमध्ये म्हणाले फोर्क कुठेय, म्हणून वर एक जाड काळी पट्टी टाकली (फोर्क, वाटा फोडणारी), खाली पब्लिशच्या आधी दुसरी टाकली (जॉईन, वाटा परत जुळवणारी), दिसायला एकदम झकास झालं. पण टूलमध्ये सिम्युलेशन चालवलं की खालच्या पट्टीपाशी येऊन गप्प बसतं. एरर नाही, काही नाही. काही व्हिडिओंना आवाजच नसतो म्हणून फोर्कमधून सबटायटलकडे जाणाऱ्या बाणावर [आवाज आहे] असा गार्ड म्हणजे अट लावलीय, आणि ट्रान्सकोड फेल झालं तर डायमंडमधून (निर्णय दाखवणारा तिरपा चौकोन) बाण परत ट्रान्सकोडकडे जातो. ईमेलच्या पुढे काहीच नाही. बस एवढंच आहे सगळं.

जुनाट_कोडर

गार्डच नडतोय तुम्हाला. मुका व्हिडिओ आला की सबटायटलच्या बाणावरून काही येणारच नाही आणि जॉईन त्याचीच वाट बघत बसणार. जॉईन हा हट्टी प्राणी आहे, जितके बाण आत येतात तितक्या सगळ्यांवरून काहीतरी आल्याशिवाय हलत नाही.

आणि पट्टी टाकलीत ते बरंच केलंत, कारण आधीच्या बिनपट्टीच्या चित्रात तिघांपैकी कोणीही एक पोचला की पब्लिश चालू झालं असतं. स्कॅन व्हायच्या आत व्हिडिओ बाहेर!

टोकनताई

@जुनाट_कोडर गार्डचं बरोबर पण दुसरं नाही हो. तुम्ही सांगताय ते यूएमएल १ च्या काळातलं (यूएमएल म्हणजे असे डायग्राम काढायची प्रमाण पद्धत). तेव्हा ॲक्टिव्हिटी डायग्राम म्हणजे स्टेट मशीनचाच एक प्रकार धरला जायचा, त्यामुळे एका ॲक्शनमध्ये तीन बाण आले तर कुठल्याही एकाने ती सुरू व्हायची. २००५ मध्ये यूएमएल २.० आलं आणि पायाच बदलला, स्टेट मशीन गेलं आणि पेट्री नेट नावाच्या मॉडेलसारखी टोकनची पद्धत आली, टोकन म्हणजे बाणांवरून सरकणारी कल्पित सोंगटी. आता ॲक्शनमध्ये तीन बाण आले तर तिन्हींवर टोकन हवंच, म्हणजे तो न काढलेला जॉईनच समजायचा. तसंच ॲक्शनमधून चार बाण बाहेर पडले तर काम संपल्यावर चारही बाणांवर टोकन सुटतं, म्हणजे न काढलेला फोर्क. रेघोट्यांचं पहिलं चित्र यूएमएल २ च्या हिशोबाने अगदी तेच सांगत होतं जे दुसरं सांगतंय.

तरी पट्टी काढावीच असं माझंही मत आहे. कारण वाचणाऱ्यांमध्ये निम्मे जण जुनाट_कोडर असतात 🙂

जुनाट_कोडर

घ्या! वीस वर्षं होऊन गेली आणि मला कोणी कळवलं नाही. मान्य.

रेघोट्या

म्हणजे रिव्ह्यूत मी उगाच शिव्या खाल्ल्या. असो. मग गार्डचं काय करू? आवाज नसलेले व्हिडिओ येणारच आहेत. आणि एक सांगायचं राहिलं, आवाज असलेल्या व्हिडिओलाही अडकतंय, म्हणजे नुसता गार्डचा प्रश्न नसावा.

टोकनताई

आधी गार्ड. फोर्कमधून निघणाऱ्या बाणावर गार्ड लावायला बंदी नाहीये, पण पुढे तो बाण जॉईनला जाऊन मिळणार असेल तर लावू नये. स्पेसिफिकेशनमध्येही हेच सुचवलंय, की असं टाळता येत नसेल तर तिथे डिसिजन नोड (म्हणजे वाट निवडणारा डायमंड) घाला आणि गार्ड खोटा ठरला तर टोकन आडवाटेने जॉईनपर्यंत पोचवा.

म्हणजे तुमच्याकडे फोर्कमधून सबटायटलच्या फाट्यावर बिनशर्त बाण. तो आधी डायमंडमध्ये जाईल. [आवाज आहे] असेल तर 'सबटायटल तयार कर', [आवाज नाही] असेल तर सरळ खाली. मग हे दोन्ही रस्ते दुसऱ्या डायमंडमध्ये म्हणजे मर्जमध्ये एकत्र करायचे आणि मर्जमधून एकच बाण जॉईनला. ते दोन्ही रस्ते वेगवेगळे जॉईनला नेऊन जोडू नका हं, हा मोह सगळ्यांना होतो. जोडलेत की जॉईनला चार बाण झाले आणि दोनपैकी एक नेहमीच रिकामा, म्हणजे परत ठप्प.

मी स्वतः काय करते सांगू का, हसू नका. डायग्राम प्रिंट काढते आणि त्यावर शर्टाची बटणं ठेवून सरकवते. फोर्कपाशी आलं की एका बटणाची जितके बाण तितकी बटणं करायची, जॉईनपाशी प्रत्येक बाणावर एकेक बटण जमलं की सगळी उचलून एकच पुढे सोडायचं. डायमंडमध्ये एक आलं की एकच बाहेर, कुठल्यातरी एकाच वाटेने. एवढे तीनच नियम. बटण कुठे अडकलं ते दोन मिनिटांत दिसतं, सिम्युलेशन लागतच नाही.

कडकडीत

बटणं सरकवायला वेळ आहे लोकांकडे 😄 प्रत्यक्षात हे डायग्राम डॉक्युमेंटला चिकटवतात आणि परत कोणी उघडत नाही. बॉक्स आणि बाण दिसले की काम झालं. फोर्क काय न् डिसिजन काय, डेव्हलपरला कळतं.

जुनाट_कोडर

@कडकडीत डेव्हलपरला 'कळतं' म्हणूनच तर मी वीस वर्षं चुकीचं वाचत होतो ना.

वाचनमात्र

इतके दिवस फक्त वाचतेय, आज लिहिते, कारण डायमंड की पट्टी हा गोंधळ माझ्याकडून प्रत्यक्ष झालाय. फोर्कने चार वाटा फोडल्या आणि खाली एकत्र करताना पट्टीऐवजी डायमंड टाकला, म्हटलं एकत्र येणं म्हणजे एकत्र येणं. कोड लिहिणाऱ्याने इमानेइतबारे डायग्रामप्रमाणे लिहिलं. परिणाम काय तर प्रत्येक फाटा संपला की पुढची स्टेप एकदा चालायची, ग्राहकाला एकाच ऑर्डरच्या चार पावत्या. मर्ज कोणासाठी थांबत नाही, जो येईल त्याला पुढे ढकलतो, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

टोकनताई

अगदी. आणि त्याच्या उलटं म्हणजे वर डिसिजन आणि खाली जॉईन. तिथे एकच टोकन येतं आणि जॉईन दोघांची वाट बघतो, म्हणजे जन्मभर बसा. पट्टीने फोडलं तर पट्टीने जुळवा, डायमंडने फोडलं तर डायमंडने, आणि जिथे मुद्दाम तसं करायचं नसेल तिथे का नाही ते शेजारी नोटमध्ये लिहा.

रेघोट्या

डिसिजन, मर्ज सगळं घातलं. मुका व्हिडिओ, बोलका व्हिडिओ, दोन्ही चालवून पाहिले. अजूनही अडकतंय!! पण आता नीट बघितलं तर ट्रान्सकोड सुरूच होत नाहीये. बाकीचे दोन फाटे जॉईनपर्यंत येऊन थांबतात, ईमेल आपला जाऊन येतो, ट्रान्सकोडचा बॉक्स पेटतच नाही. फोर्कमधून बाण तर गेलाय त्याच्याकडे. बटणंसुद्धा ठेवून बघितली (हो खरंच), माझ्या हिशोबाने सुरू व्हायला हवं.

पट्टीवाला

रिट्रायचा बाण थेट ट्रान्सकोडच्या बॉक्समध्ये घुसवलाय का?

रेघोट्या

हो, 'झालं का?' या डायमंडमधून [फेल] चा बाण वळून परत ट्रान्सकोडच्या बॉक्सला लावलाय. मग?

पट्टीवाला

मग ताईंनी वर सांगितलं तेच. ट्रान्सकोडमध्ये आता दोन बाण येतात, एक फोर्ककडून आणि एक रिट्रायचा. दोन बाण म्हणजे दोन्हींवर टोकन हवं. रिट्रायचं टोकन ट्रान्सकोड एकदा चालून फेल झाल्याशिवाय येणार नाही, आणि ते आल्याशिवाय ट्रान्सकोड चालणार नाही. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी, तसली गत.

ट्रान्सकोडच्या आधी एक मर्ज डायमंड टाका, फोर्कचा बाण आणि रिट्रायचा बाण दोन्ही त्यात, त्यातून एक बाण ट्रान्सकोडला. ही चूक इतकी पसरलेली आहे की मी कुठलाही डायग्राम हातात आला की आधी मागे वळणारे बाण शोधतो. फ्लोचार्टची सवय असते ना, फ्लोचार्टमध्ये बॉक्सला कितीही बाण लावले तरी चालतं.

रेघोट्या

चाललं!!! जॉईन ओलांडून पब्लिशपर्यंत पोचलं. बटणं ठेवताना मी ट्रान्सकोडला ॲक्शनचा नियम लावलाच नव्हता, एक बटण आलं की पुढे सरकवत होतो. ताई, तुमच्या तीन नियमांत हा चौथा घाला.

टोकनताई

घातला. राहिलाच होता तो, चूक माझी.

कडकडीत

बरं, आता विरोधाला विरोध म्हणून नाही, खरंच विचारतो. फोर्क म्हणजे थ्रेड ना? मग चार थ्रेड, आणि जॉईन म्हणजे तो कोडमधला जॉईन. एवढं सरळ असताना टोकन, बटणं कशाला?

टोकनताई

नाही, आणि हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. फोर्क एवढंच सांगतो की या फाट्यांमध्ये आपसात आधी कोण नंतर कोण असं काही ठरलेलं नाही. चार थ्रेड, चार मशीन, चार माणसं, नाहीतर एकच माणूस जो आज आधी स्कॅन करेल आणि उद्या आधी ट्रान्सकोड, यातलं काहीही चालतं. एकाच कोअरवर एकापाठोपाठ एक चालवलं तरी डायग्रामचं म्हणणं मोडत नाही. म्हणून मी नवीन लोकांना 'एकाच वेळी' हा शब्द वापरू देत नाही, 'एकमेकांवर न अडता' म्हणा म्हणते.

याचा उलटा फायदा बघा. दोन कामं फोर्कच्या दोन फाट्यांवर ठेवली म्हणजे तुम्ही लिहून दिलंत की यांचा क्रम काहीही असला तरी बिघडत नाही. रेघोट्या, सबटायटल बनवायला मूळ फाईल लागते की ट्रान्सकोड झालेली? ट्रान्सकोड झालेली लागत असेल तर ते दोन वेगळे फाटेच नाहीत, एकामागे एक येतील. फोर्क काढताना मी हाच प्रश्न प्रत्येक जोडीला विचारते आणि दर वेळी एखादा फाटा कमी होतो.

रेघोट्या

मूळ फाईलमधूनच आवाज काढतो आम्ही, त्यामुळे वाचलो. पण ही गोष्ट विचारलीच नव्हती मी कोणाला, टीममध्ये खात्री करून घेतली आत्ता.

पट्टीवाला

ईमेलच्या पुढे काहीच नाही म्हणालात ते सिम्युलेशनला चालतं, ज्या ॲक्शनमधून बाण निघत नाही तिथे तो फ्लो आपोआप विरतो. पण वाचणाऱ्याला वाटतं की बाण जोडायचा राहिला. एक एंड नोड लावून टाका.

रेघोट्या

लावला. आणि आता नवीन भानगड. दहा वेळा चालवलं तर कधी पब्लिश होतं, कधी होतच नाही, मध्येच सगळं संपलं म्हणून दाखवतं. काल रात्री तरी निदान दर वेळी सारखं चालत होतं 😩

पट्टीवाला

कुठला एंड लावलात? काळा ठिपका आणि भोवती गोल, की गोलात फुली?

रेघोट्या

ठिपकेवाला. पब्लिशनंतर तोच आहे म्हणून कॉपी पेस्ट केला.

पट्टीवाला

चूक माझी, नीट सांगायला हवं होतं. ठिपकेवाला म्हणजे ॲक्टिव्हिटी फायनल. त्यात कुठूनही पहिलं टोकन पोचलं की अख्खी ॲक्टिव्हिटी तिथल्या तिथे बंद, बाकीचे फाटे अर्ध्यात असले तरी. तुमचा ईमेल पटकन गेला की दुकान बंद, ट्रान्सकोड मध्येच मेला. ईमेल रेंगाळला तरच पब्लिशला वेळ मिळतो. म्हणून कधी होतं कधी नाही.

ईमेलला फुलीवाला लावा, तो फ्लो फायनल. तो फक्त स्वतःपाशी आलेलं टोकन गिळतो, इतरांना हात लावत नाही. फोर्क करून जो फाटा जॉईनकडे जाणारच नाही त्याच्या टोकाला जवळपास नेहमी फुलीच हवी.

वाचनमात्र

इथे प्लँटयूएमएल (टेक्स्ट लिहून डायग्राम काढायचं टूल) वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा. त्यात 'स्टॉप' लिहिलं की ठिपकेवाला येतो आणि 'एंड' लिहिलं की फुलीवाला. मला नावावरून उलटं वाटायचं, बरेच डायग्राम तसेच गेलेत.

रेघोट्या

फुली लावली. दहापैकी दहा वेळा पब्लिश 🎉 @वाचनमात्र प्लँटयूएमएलमध्ये फोर्क कसा काढता? आमचं टूल लायसन्सवालं आहे, सगळ्यांकडे नाहीये, दुसऱ्या टीमला टेक्स्टमध्ये द्यायचंय.

वाचनमात्र

सोपं आहे. एका ओळीवर 'फोर्क' (अर्थात इंग्रजी अक्षरांत), खाली पहिल्या फाट्याच्या ॲक्शन, मग 'फोर्क अगेन', दुसऱ्या फाट्याच्या ॲक्शन, असं जितके फाटे तितक्या वेळा, शेवटी 'एंड फोर्क'. वरची आणि खालची पट्टी आपोआप येते, तुम्ही ओढायची लांबवायची काही नाही. मधल्या फाट्यात 'इफ' टाकलं की डायमंड आणि त्याचा मर्ज पण तोच काढतो, त्यामुळे वर जे डिसिजन मर्जचं रामायण झालं ते तिथे फारसं घडत नाही, कारण रचना मुळातच कंसासारखी उघडते आणि बंद होते.

ईमेलच्या फाट्यात शेवटी 'एंड' टाका, तो फाटा खालच्या पट्टीला जोडला जाणार नाही. 'स्प्लिट' नावाचंही एक प्रकरण आहे, तेही वाटा फोडतं पण जाड पट्टी न काढता नुसती बारीक रेघ. ते दिसायला छान म्हणून वापरू नका, यूएमएल वाचणाऱ्याला त्यातून फोर्क कळणार नाही. आणि 'एंड फोर्क'च्या ऐवजी 'एंड मर्ज' लिहिलं तर खाली पट्टीऐवजी डायमंड येतो, माझ्या चार पावत्या तिथूनच आल्या होत्या. तेव्हा वाटलं होतं काय, दोन्ही सारखंच.

जुनाट_कोडर

मर्मेड (तसंच दुसरं टेक्स्टवालं टूल) वापरणाऱ्या पोरांचं काय? आमच्याकडे सगळे तेच वापरतात.

वाचनमात्र

मर्मेडमध्ये ॲक्टिव्हिटी डायग्राम असा वेगळा प्रकार नाही, फ्लोचार्ट आहे, त्यात फोर्कची पट्टी आधी नव्हती, आता नव्या आवृत्त्यांत मिळते पण नुसता आकार म्हणून. स्टेट डायग्राममध्ये मात्र फोर्क आणि जॉईन दोन्ही आहेत. पण ते स्टेट डायग्राम झालं, ओढूनताणून ॲक्टिव्हिटी म्हणून दाखवायचं.

पट्टीवाला

मॉडेलिंग टूलमध्ये काढणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण पट्टीवरून लोक जाम वैतागतात.

काही टूलमध्ये फोर्क आणि जॉईन हे टूलबॉक्समध्ये दोन वेगळे आयटम असतात, पॅपिरस आणि स्टारयूएमएलमध्ये तसं आहे. एंटरप्राइज आर्किटेक्टमध्ये 'फोर्क/जॉईन' असा एकच आयटम, तो टाकताना आडवी हवी की उभी ते ठरवायचं. जिथे दोन वेगळे असतात तिथे चुकून फोर्कच्या जागी जॉईन टाकला तर चित्रात काडीचाही फरक दिसत नाही, पट्टी ती पट्टी. पण मॉडेलमध्ये फोर्क नोड आणि जॉईन नोड हे वेगळे प्रकार आहेत. फोर्कला आत येणारा बाण एकच, जॉईनमधून बाहेर जाणारा एकच. व्हॅलिडेशन चालवलं की मग लाल खुणा उठतात आणि माणूस म्हणतो चित्र तर बरोबर आहे. पट्टीवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रकार बघा, तिथे कळेल.

एकाच पट्टीत तीन बाण आत आणि दोन बाहेर असं काढलेलं दिसतं कधी कधी. नोटेशनला ते चालतं, त्याचा अर्थ आधी जॉईन आणि त्याला लागूनच फोर्क. जागा वाचते पण नवीन माणूस गोंधळतो, मी सुट्या दोन पट्ट्या काढतो.

आणि नुसत्या ड्रॉइंगच्या टूलमध्ये काढणार असाल तर पट्टी म्हणजे काळा आयत, बाकी काही नाही. बाण पट्टीला खरंच चिकटलाय की नुसता शेजारी टेकलाय हे पट्टी हलवून बघा. बाण मागे राहिला तर तो जोडलेलाच नव्हता.

स्विमलेन (कुठलं काम कोणाचं ते दाखवणारे पट्टे) असतील तर पट्टी दोन तीन लेनवर आडवी पसरली तरी काही बिघडत नाही, कोणी हरकत घेतली तर घेऊ द्या.

रेघोट्या

अजून एक राहिलं, मग तुमचा पिच्छा सोडतो. स्कॅनमध्ये व्हायरस सापडला तर? आत्ता मी स्कॅननंतर डायमंड टाकलाय, [स्वच्छ] असेल तर जॉईनला, [व्हायरस] असेल तर 'फाईल डिलीट' आणि पुढे ठिपकेवाला एंड. इथे सगळं बंदच व्हायला हवंय, ट्रान्सकोड चालू ठेवून काय उपयोग. हे बरोबर ना?

टोकनताई

ठिपकेवाल्याचा हा अगदी योग्य वापर आहे. पण ईमेल? तो अजून गेला नसेल तर तोही मरेल. एडिटरला व्हायरसवाल्या अपलोडची खबर कधी मिळणार, कधी नाही. तुम्हाला तसं हवंय का?

रेघोट्या

नाही, ईमेल जायलाच हवा. अरे देवा.

टोकनताई

घाबरू नका, यासाठीच इंटरप्टिबल रीजन आहे. स्कॅन, ट्रान्सकोड, सबटायटल हे तीन फाटे आणि खालचा जॉईन यांच्याभोवती गोल कोपऱ्यांची तुटक रेघेची चौकट काढा. वरचा फोर्क आणि ईमेल चौकटीच्या बाहेर. [व्हायरस] चा बाण चौकटीतून बाहेर पडतो तो विजेसारखा वाकडा काढायचा, त्याला इंटरप्टिंग एज म्हणतात. त्या बाणावरून टोकन बाहेर पडलं की चौकटीच्या आतलं सगळं रद्द, बाहेरच्याला धक्का नाही. 'फाईल डिलीट' चौकटीच्या बाहेर ठेवा आणि त्याच्या पुढे आता फुलीवाला एंड, ठिपकेवाला नको.

चौकटीत जॉईन मुद्दाम घ्यायला सांगतेय. सबटायटल झालंय आणि त्याचं टोकन जॉईनपाशी वाट बघतंय, असं असताना व्हायरस सापडला तर ते टोकनही गेलं पाहिजे. एका फेरीला फरक पडणार नाही, पण एकाच ॲक्टिव्हिटीत एकामागून एक व्हिडिओ येणार असतील तर मागच्या व्हिडिओचं शिळं टोकन पुढच्याला जाऊन चिकटेल.

जुनाट_कोडर

आणि मग पब्लिशनंतरचा ठिपकेवाला? पब्लिश लवकर झालं आणि ईमेल रेंगाळला तर तिथेही ईमेल मरणार की.

टोकनताई

वा! हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं. बरोबर. पब्लिशनंतरही फुलीच लावा. सगळे फ्लो विरले, चालू असलेलं काही उरलं नाही, की ॲक्टिव्हिटी आपोआप संपते, त्यासाठी ठिपका लागत नाही. तुमच्या या चित्रात ठिपक्याला जागाच उरली नाही.

कडकडीत

मी मघाशी 'बॉक्स आणि बाण दिसले की झालं' म्हणालो होतो. ते मागे घेत नाही, पण ईमेल दोन वेगवेगळ्या पद्धतीने मरू शकतो हे बघून जरा हललोय. एक विचारू? जॉईनजवळ महिरपी कंसात जॉईनस्पेक की काहीतरी लिहिलेलं पाहिलंय, ते काय?

टोकनताई

जॉईनने कधी सुटायचं याची अट. काही लिहिलं नाही तर 'सगळे आले की', म्हणजे अँड. बाणांना नावं देऊन 'क आणि (ख किंवा ग)' अशी अटही लिहिता येते. उदाहरणार्थ स्कॅन तर हवाच पण दोनपैकी एका सर्व्हरचं ट्रान्सकोड पुरे. पण जपून. मागून आलेल्या दुसऱ्या ट्रान्सकोडच्या टोकनचं काय होणार हा विचार करावा लागतो, ते कुठेतरी उरतंच. आणि नुसतं 'क किंवा ख' लिहिलंत तर तो जॉईन जवळपास मर्जच झाला, मग डायमंडच काढा की. प्लँटयूएमएलमध्ये 'एंड फोर्क'च्या पुढे महिरपी कंसात 'ऑर' लिहिलं की पट्टीशेजारी ते छापून येतं, लोक लिहितात आणि विसरतात.

रेघोट्यांच्या सबटायटलसाठीही असं करता आलं असतं, पण डिसिजन आणि मर्ज कोणालाही वाचता येतो, जॉईनस्पेक शोधून वाचावा लागतो.

वाचनमात्र

माझा एक. ट्रान्सकोड वेगवेगळ्या रेझोल्यूशनमध्ये करायचं असेल आणि किती ते आधी माहीत नसेल, कधी तीन कधी सहा, तर फोर्कमधून किती बाण काढायचे?

पट्टीवाला

फोर्क नाही वापरायचा. फोर्कचे बाण चित्र काढतानाच मोजून ठरतात. संख्या चालताना ठरणार असेल तर एक्स्पान्शन रीजन: तुटक चौकट, वरच्या आणि खालच्या कडेवर छोट्या चौकोनांची ओळ, आत एकाच रेझोल्यूशनचं ट्रान्सकोड. चौकटीच्या कोपऱ्यात 'पॅरलल' लिहायचं, म्हणजे यादीतली प्रत्येक वस्तू एकमेकींवर न अडता. एकामागे एक हवं तर 'इटरेटिव्ह', 'स्ट्रीम' असाही तिसरा आहे. सगळ्या वस्तूंचं आटोपलं की बाहेर यादी पडते, वेगळा जॉईन लागत नाही. इंटरप्टिबलची चौकटही तुटकच असते त्यामुळे दोन्ही एका चित्रात आल्या तर छोटे चौकोन बघून ओळखायचं.

रेघोट्या

झालं सगळं. आत्ताचं चित्र: वर फोर्क, चार फाटे, ट्रान्सकोडच्या डोक्यावर मर्ज, सबटायटलला डिसिजन आणि मर्ज, तीन फाटे आणि जॉईन चौकटीत, वाकडा बाण डिलीटकडे, तीन फुल्या, ठिपका शून्य. बोलका, मुका, व्हायरसवाला, दोनदा फेल होऊन तिसऱ्यांदा ट्रान्सकोड झालेला, सगळे चालवले, ईमेल दर वेळी गेला.

रिव्ह्यूत पाठवलं. पहिली कमेंट आली: 'एंड नोड कुठेय? काळा ठिपका दिसत नाही.'

जुनाट_कोडर

माझ्याच वयाचा असणार. त्याला बटणं पाठवा.